वडिलांच्या निधनानंतर शेतीचे अनुदान बंद पडले : आधी कोणती नोंद तपासावी?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही कळेल. मराठवाड्यातील गावी आपल्या कुटुंबाची १ हेक्टर ८० आर जमीन आहे. वडील २०२२ मध्ये वारले. त्यांच्या नावाने येणारे पीएम किसानचे हप्ते त्यानंतरही दोन-तीन वेळा खात्यात जमा झाले आणि मग बंद पडले. वारस म्हणून सातबाऱ्यावर आता आई, आपण आणि धाकटा भाऊ अशी तीन नावे लागली आहेत. आई आणि भाऊ या दोघांनी पीएम किसानसाठी नव्याने नोंदणी केली. भावाची मंजूर झाली, आईची फेटाळली गेली. २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन गेले, त्याचे १५,३०० रुपये भावाच्या खात्यात आले आणि आईला काहीच मिळाले नाही. भावाने नव्या विहिरीवर ठिबक बसवले, त्याचेही अनुदान अजून आलेले नाही. गावातील एक गृहस्थ ‘दोन हजार द्या, सगळे मोकळे करून देतो’ असे म्हणत आहेत. आपण पुण्यात नोकरीला असल्यामुळे वारंवार रजा काढता येत नाही, म्हणून नेमके कोणत्या कार्यालयात जावे, हे आपल्याला हवे आहे.

कार्यालय कोणते हा प्रश्न मी थोडा मागे ठेवतो. गावात या तिन्ही रकमांना सरसकट ‘अनुदान’ म्हणतात, पण तिन्हींची यादी करणारा माणूस वेगळा, कागद वेगळा आणि अडण्याची जागाही वेगळी असते. पीएम किसान ही जमीनधारक कुटुंबाला मिळणारी ठरावीक रक्कम आहे. अतिवृष्टीची मदत पंचनाम्यावरून, नुकसानीच्या क्षेत्राप्रमाणे मिळते. ठिबकचे अनुदान म्हणजे शेतकऱ्याने आधी केलेल्या खर्चाची काही अंशी परतफेड. त्यामुळे ‘सगळे मोकळे करून देतो’ म्हणणाऱ्या गृहस्थांना पहिला प्रश्न हाच विचारावा की, तीन वेगळ्या ठिकाणी असलेल्या गोष्टी ते एका खेपेत कशा मोकळ्या करणार आहेत.

मी कृषी विभागात तालुका पातळीवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही आसपासचे लोक कागदांची पिशवी घेऊन येतात. माझा अनुभव असा आहे की, कोणी मुद्दाम अडवून ठेवलेली प्रकरणे असतात, नाहीत असे मी म्हणणार नाही. पण दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी न जुळल्यामुळे अडलेली प्रकरणे त्यांच्या कितीतरी पट असतात. आपल्या आईचे प्रकरण मला या दुसऱ्या प्रकारातले वाटते. अर्थात सातबारा, फेरफार (जमिनीवरील नाव कसे बदलले याची महसुली नोंद) आणि अर्जाची स्थिती समोर नसताना मी खात्री देऊ शकत नाही. खाली मी जिथे ‘बहुधा’ म्हणेन, तिथे आपण कागद पाहूनच पुढे जावे.

प्रथम आईची नोंदणी. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण गोंधळ इथेच आहे आणि पैसाही इथेच सर्वांत जास्त आहे. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि त्याच लाभार्थ्यांना राज्याकडून मिळणारे नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये, असे मिळून वर्षाला १२,००० रुपये होतात. नमोसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. केंद्राच्या यादीत नाव असले की ते आपोआप येते आणि तिथून नाव गेले की हेही जाते.

या योजनेत जमीन कधीपासून नावावर आहे, हे पाहिले जाते आणि त्यासाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरवलेली आहे. त्या तारखेनंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने जमीन नावावर झाली असेल, तर लाभ मिळत नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने जमीन आली असेल, तर मात्र ही अट आड येत नाही. आपल्या आईचे नाव २०२२ नंतर लागले असल्यामुळे संगणकाला तिची मालकी ‘तारखेनंतरची’ दिसते, आणि ती वारसाने आली आहे हे कागदाने दाखवले नाही, तर अर्ज फेटाळला जातो. म्हणून केवळ चालू सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, जोडून भागत नाही. वडिलांचे नाव २०१९ पूर्वीपासून होते हे दाखवणारा जुना फेरफार आणि वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार, असे दोन्ही उतारे लागतात. सेवा केंद्रावर घाईत भरलेल्या अर्जांना बहुतेक वेळा शेवटचा एकच फेरफार जोडलेला असतो.

मग भावाची नोंदणी कशी मंजूर झाली, असे आपण विचाराल. कागद त्याने पूर्ण जोडले असतील ही एक शक्यता. दुसरी शक्यता मला अधिक महत्त्वाची वाटते. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुले. एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो. आपला भाऊ सज्ञान आहे, त्यामुळे तो योजनेच्या दृष्टीने वेगळे कुटुंब ठरतो आणि सामाईक जमिनीतही त्याला स्वतंत्र लाभ मिळू शकतो. आई आणि वडील मात्र एकच कुटुंब होते. वडिलांच्या मृत्यूची नोंद योजनेच्या यादीत कोणी केलीच नसेल, तर तिथे ते आजही लाभार्थी आहेत, फक्त त्यांचा हप्ता थांबलेला आहे. आणि आईचा अर्ज हा त्याच कुटुंबातील दुसरा अर्ज ठरतो. अलीकडे एकाच कुटुंबातील पती-पत्नी दोघांनी लाभ घेतल्याची संशयित प्रकरणे वेगळी काढून प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते रोखण्यात आले आहेत. त्यामुळे ही बाजू आधी साफ करणे आवश्यक आहे.

म्हणजे आईच्या अर्जाच्या आधी वडिलांचे काम पूर्ण करावे लागेल. मृत्यूचा दाखला जोडून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात साधा अर्ज द्यावा, वडिलांचा नोंदणी क्रमांक आणि आधारचे शेवटचे चार अंक लिहावेत आणि नाव मृत म्हणून बंद करण्याची विनंती करावी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते परत करावे लागतात, हेही इथेच सांगून ठेवतो. बँकेला कळवलेले नसते, एटीएम कार्ड घरात असते आणि पैसे काढले जातात. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. पण पुढे वसुलीची नोटीस येते आणि तोपर्यंत आईचा अर्जही संशयाने पाहिला जातो. रक्कम मोठी नाही. योजनेच्या संकेतस्थळावर परताव्याची सोय आहे किंवा तहसील कार्यालयात विचारून रक्कम भरता येते. भरल्याची पावती मात्र आईच्या कागदांत कायमची ठेवावी.

आपल्याविषयीही एक स्पष्ट करतो. आपले नाव सातबाऱ्यावर आहे, पण आपण प्राप्तिकर भरत असाल तर आपण या योजनेत बसत नाही, त्यामुळे ‘तिसऱ्या खातेदाराचाही अर्ज टाकून देऊ’ असे कोणी सुचवल्यास नकार द्यावा. आपल्या प्राप्तिकराचा आईच्या किंवा भावाच्या पात्रतेवर मात्र काही परिणाम होत नाही, कारण सज्ञान मुलगा आईच्या कुटुंबात धरला जात नाही. मुलगा नोकरीला आहे म्हणून आईला मिळणार नाही, असे गावात अगदी ठामपणे सांगितले जाते, त्यात तथ्य नाही. आईला स्वतःला दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन मिळत असेल तर ती अपात्र ठरू शकते. आपल्या प्रश्नात तसा उल्लेख नाही.

आता नावाचा मुद्दा. वारसाच्या नोंदी होताना तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, जुन्या पद्धतीने नाव लिहितात. सातबाऱ्यावर ‘गयाबाई भ्र. ज्ञानोबा’ असते, आधारवर ‘गया ज्ञानोबा’ आणि पुढे आडनाव असते, तर बँकेच्या पासबुकावर कधी काळी माहेरच्या नावाने उघडलेले खाते असते. गावातील माणसाला ही तिन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सांगावे लागत नाही, पण यंत्रणा अक्षरे जुळवून पाहते. शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीत सातबारा आणि आधार यांवरील नावे किती जुळतात याचे गणित यंत्रणाच करते आणि फरक जास्त असल्यास अर्ज महसूल विभागाच्या पडताळणीसाठी जातो. राज्यातील कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून हा ओळख क्रमांक सक्तीचा झालेला असल्याने नावाचा फरक आता लपून राहत नाही.

अशा वेळी आधार बदलावे की सातबारा, असे लोक विचारतात. हे फरक किती आहे त्यावर अवलंबून आहे. ‘बाई’ असणे-नसणे एवढाच फरक असेल, तर पडताळणीत तो बहुधा चालून जातो आणि उगाच दुरुस्तीच्या मागे लागू नये. आडनावच चुकले असेल किंवा पतीचे नाव वेगळे पडले असेल, तर ज्या कागदावर प्रत्यक्षात चूक आहे तोच दुरुस्त करावा. सातबाऱ्यावर लिहिताना झालेली चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होते. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तो बदल विचार करूनच करावा; शिवाय आधार बदलले की बँक, रेशनकार्ड, सगळीकडे पुन्हा तेच फेरे सुरू होतात.

सातबारा हातात घ्याल तेव्हा आणखी एक पाहावे. वडिलांचे नाव कंसात गेले आहे का, म्हणजे कमी झाले आहे का? वारसाचा फेरफार मंजूर झाला असे सर्वांना वाटत असते आणि प्रत्यक्षात मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केलेलाच नसतो, किंवा एका गटाला अंमल दिलेला असतो आणि दुसरा गट तसाच राहिलेला असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, तेव्हा प्रत्येक गटाचा स्वतंत्र काढून पुण्यात बसूनच ही तपासणी करता येईल. एखादा गट राहिला असेल, तर त्यासाठी ई-हक्क या फेरफाराच्या ऑनलाइन प्रणालीतून अर्ज करता येतो. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत द्यावी लागते, त्यामुळे हे काम एका दिवसात होत नाही आणि कोणी ‘उद्या करून देतो’ म्हटले तरी ते खरे मानू नये. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेण्यात आली, तिच्यात अनेक गावांतील अशी कामे उरकली. आपल्याकडे ती झाली असल्यास आनंदच आहे.

यानंतर योजनेच्या संकेतस्थळावर आईच्या नोंदणी क्रमांकाने स्थिती पाहावी. नोंदणी मंजूर झालेल्यांना तिथे तीन ओळी महत्त्वाच्या असतात : ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, जमिनीची जोडणी म्हणजे लँड सीडिंग, आणि बँक खात्याचे आधार सीडिंग. यांपैकी ज्या ओळीसमोर ‘नाही’ असेल, त्यावरून कार्यालय ठरते. ई-केवायसी स्वतःलाच करायची असते. जमिनीची जोडणी महसूल नोंदींशी संबंधित आहे, तिच्यासाठी ग्राम महसूल अधिकारी किंवा तहसील. आधार सीडिंगसाठी फक्त बँक. अर्जाची मंजुरी आधी तालुका, मग जिल्हा, मग राज्य अशी पुढे सरकते आणि फेटाळल्यास कारणही दिसते. ते कारण अक्षरशः जसेच्या तसे लिहून घ्यावे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकजण ‘ऑनलाइन रिजेक्ट दाखवतंय’ एवढेच सांगतात. कारणाची ती एक ओळ आणली असती, तर अर्ध्या चकरा वाचल्या असत्या.

बँकेच्या बाबतीत सुशिक्षित माणसेही फसतात. ‘खात्याला आधार लिंक आहे’ असे बँकेचा कर्मचारी सांगतो आणि ते खरेही असते, पण ते ओळख पटवण्यापुरते असते. सरकारी रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते आणि ती कोणत्या खात्यात टाकायची, हे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीवरून ठरते. त्या नोंदीत एका आधारमागे एकच बँक असते, आणि सर्वांत शेवटी संमती दिलेल्या बँकेचे नाव तिथे लागते. आपल्या आईने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी पोस्टाच्या पेमेंट बँकेत किंवा मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत नवे खाते उघडले होते का, हे जरूर विचारा. त्या वर्षी गावोगाव अशी खाती उघडली गेली. अनेक बाया जुन्या बँकेत पासबुक भरून घेतात, त्यात काही दिसत नाही म्हणून हप्ता आला नाही असे समजतात, आणि रक्कम मात्र पोस्टाच्या खात्यात जमा होत असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली की, कोणती बँक जोडलेली आहे ते लगेच कळते. बँक बदलायची असल्यास हव्या त्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज द्यावा.

लाडकी बहीणचा विषय निघाला म्हणून सांगतो. आईला ती रक्कम मिळत असेल आणि पुढे पीएम किसान व नमोही सुरू झाले, तर लाडकी बहीणचे १,५०० रुपये कमी होऊन फरकाचे ५०० रुपये होतात. ते पाहून घाबरून तक्रार करू नये. दोन्ही शेतकरी योजनांचे मिळून महिन्याला सरासरी १,००० रुपये होतात, तेवढेच वजा केलेले असतात. म्हणजे आईच्या हातात पडणारी एकूण वाढ किती, याचा हिशेब आधीच करून ठेवावा, नंतर हिरमोड होत नाही.

आता अतिवृष्टीची मदत. इथे मला आपल्या प्रश्नातील एका आकड्याने थांबवले. कोरडवाहू पिकासाठी मदतीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये होता. त्याला आपल्या १ हेक्टर ८० आरने गुणले, तर १५,३०० रुपये होतात. भावाला आलेली रक्कम अगदी तेवढीच आहे. म्हणजे आईचा हिस्सा बुडालेला नाही. संपूर्ण सामाईक क्षेत्राची मदत भावाच्या एकट्याच्या नावाने निघाली आहे. हिश्श्याप्रमाणे निघाली असती, तर तिघांना प्रत्येकी ६० आरचे ५,१०० रुपये आले असते. सामाईक खात्यात असे होते, कारण पंचनाम्याच्या वेळी जो बांधावर हजर असतो त्याचे आधार आणि खाते घेतले जाते आणि इतरांचे संमतीपत्र जोडले जाते. तसे संमतीपत्र आईने दिले होते का, हे घरातच विचारावे. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. फार तर घरात वाटून घ्यावे. त्यावरून सख्ख्या भावाविरुद्ध तहसीलमध्ये अर्ज गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्या अर्जांनी पुढच्या वर्षीची मदतही अडली, कारण वाद असलेल्या खात्याची रक्कम कोणी सोडत नाही.

ज्यांना खरोखरच काही आलेले नाही, त्यांनी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडील यादीत आपले नाव, गट क्रमांक आणि मदतीसाठी प्रत्येकाला दिलेला विशिष्ट क्रमांक पाहावा. मदत ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालेल्या क्षेत्रालाच मिळते, त्यामुळे पंचनाम्यात किती क्षेत्र धरले आहे, तेही पाहण्यासारखे असते. २०२५ मध्ये रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून हेक्टरी १०,००० रुपयांची वेगळी मदतही राज्याने जाहीर केली होती. ती या १५,३०० मध्ये नाही, तेव्हा भावाच्या खात्यात तिची वेगळी नोंद आहे का ते तपासावे. खात्यावर थकीत पीककर्ज असेल आणि बँकेने रक्कम रोखून धरली असेल, तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आपत्तीची मदत कर्जखात्यात वळती करू नये, अशा सूचना शासन वेळोवेळी देत असते आणि लेखी अर्जापुढे बँका सहसा ताणून धरत नाहीत.

ठिबकचा विषय त्यामानाने सरळ आहे. भावाने महाडीबीटी या राज्याच्या अनुदान संकेतस्थळावर अर्ज केला, निवड झाली, पूर्वसंमती मिळाली आणि त्यानंतर खरेदी केली, असा क्रम असेल तर अनुदान येईल. आधी संच बसवला आणि मग अर्ज केला असेल, तर येणार नाही, मग विक्रेता काहीही म्हणो. देयकावरील तारीख आणि पूर्वसंमतीची तारीख शेजारी ठेवून पाहिली की, हे दोन मिनिटांत कळते. क्रम बरोबर असेल, तर देयक आणि कागद संकेतस्थळावर चढवले आहेत का आणि शेतात येऊन मोका तपासणी झाली आहे का, एवढेच उरते. विहीर नवी आहे असे आपण लिहिले आहे. तिची नोंद सातबाऱ्यावर झाली नसल्यास तपासणीत अडचण येते. हे सर्व झालेले असेल, तर उरलेला भाग निधीचा आहे आणि त्यात कोणीही काही करू शकत नाही, तालुक्याचा अधिकारीही नाही.

अनुदानाच्या रकमेबद्दलही गैरसमज असतो. राज्यात अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के म्हणतात ते देयकाच्या रकमेवर नसते, ठरवून दिलेल्या मापदंडाच्या खर्चावर असते. त्यातील ५५ टक्के किंवा ४५ टक्के हा केंद्राच्या सहभागाने चालणाऱ्या योजनेचा भाग आहे आणि वरचा २५ किंवा ३० टक्के हा राज्याचा पूरक भाग आहे. हे दोन भाग वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात. पहिली रक्कम आली आणि दुसरी आली नाही, तर ती कोणी खाल्ली असा निष्कर्ष लगेच काढू नये.

राहिला प्रश्न त्या दोन हजारांचा. सेवा केंद्रचालकाने अर्ज भरण्याचे आणि बोटांचे ठसे घेण्याचे रीतसर शुल्क घेतले, तर त्याला माझी हरकत नाही. त्याचेही पोट त्यावर आहे. पण दोन हजार म्हणजे आईचा एक पूर्ण हप्ता झाला. शिवाय अशा गृहस्थांच्या हाती आधारची प्रत, मोबाइलवर येणारा ओटीपी आणि ठसा जातो, ही मला पैशांपेक्षा अधिक काळजीची बाब वाटते. सीडिंगची संमती कोणत्या बँकेला दिली गेली, हे आईला कळणारही नाही. पीएम किसानची गावनिहाय लाभार्थी यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि १५५२६१ हा मदत क्रमांक आहे. एवढे असताना मध्यस्थाची गरज कागद शोधण्यापुरतीही उरत नाही.

आपल्याला एकच रजा काढता येणार असेल, तर तिच्या आधी पुण्यातून हे करून ठेवावे : सर्व गटांचे डिजिटल सातबारे आणि आठ-अ, दोन्ही फेरफार, आईच्या अर्जाची फेटाळल्याच्या कारणासह छापील स्थिती, बँक सीडिंगची स्थिती आणि वडिलांच्या हप्त्यांच्या तारखा दाखवणारा बँक उतारा. हे हाती आले की, गावी जाण्यापूर्वीच अडचण कुठे आहे हे दिसेल. प्रत्यक्ष जाल तेव्हा प्रथम तालुका कृषी कार्यालयात वडिलांच्या नावाचा अर्ज द्यावा, आईच्या अर्जातील त्रुटी काय आहे ते विचारावे आणि तिथल्या तिथे कागद जोडून द्यावेत. सातबाऱ्यात त्रुटी असेल तरच तहसीलला जावे. ग्राम महसूल अधिकारी आणि पूर्वीचे कृषी सहायक, म्हणजे आताचे सहायक कृषी अधिकारी, यांच्याकडे एकापेक्षा अधिक गावे असतात, त्यामुळे ते गावात कोणत्या दिवशी असतात ते भावाकडून आधी विचारून घ्यावे.

आईला सोबत नेण्याचा आग्रह पहिल्या खेपेला धरू नये. मंजुरी मिळाल्यावर ई-केवायसी करावी लागेल तेव्हा तिची गरज पडेल. शेतात राबलेल्या बायांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत आणि सेवा केंद्रावर तासन्‌तास बसून परत यावे लागते. त्यासाठी पीएम किसानच्या मोबाइल ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२३ पासून आहे. भावाच्या फोनवर, घराच्या ओसरीत पुरेशा उजेडात बसवून ते काम होते.